खड्याची पाठ

लाल खडा काळा पडतो. निळाही थोडा पडतो, पण त्याला ते शोभून जातं. पिवळ्याला पडायची भीती नाही. लाल मात्र हातात असेपर्यंत माणिक असतो आणि दहा हात लांब गेला की डांबराची गोळी. इतकी वर्षं नाटकांचे मुकुट केले, गौरींचे कंठे-बाजूबंद केले, आता या कॉस्प्लेवाल्या मुलांची पदकं आणि कवचं करते. अडले ते कायम एकाच ठिकाणी: अंगठ्याच्या पेराएवढा खडा, लांबूनही लाल दिसणारा.

रंग जास्त झाला असेल, असं कुणीही पटकन म्हणतं. तसं नसतं. रंग कमी केला की खडा कोकम सरबताकडे झुकतो, आणि सरबती माणिक राजाच्या कपाळावर चालत नाही. खरा घोळ जाडीत आहे. रेझिनच्या एका थरानं अर्धा उजेड खाल्ला, तर तेवढाच दुसरा थर उरलेल्याचा अर्धा खातो आणि तिसरा त्याच्याही अर्धा. शिवाय उजेड खड्यात शिरून तळाशी आपटतो आणि त्याच वाटेनं परत येतो. म्हणजे बारा मिलिमीटर जाडीचा खडा डोळ्याच्या हिशेबी चोवीस मिलिमीटरचा. छोट्या खड्यात जो रंग सुरेख दिसतो, तोच मोठ्यात थेंबभरही न बदलता काळोख होतो. म्हणून लहान नमुना दाखवून मोठ्या खड्याची ऑर्डर घेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

रंगमंचावर हे दुखणं दुप्पट होतं. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभं राहिलं. गिरण्यांतल्या माणसांनी तिथे नाटकं केली आणि बघितली. पौराणिक नाटकात रात्रीचा प्रवेश आला की प्रकाशयोजनेवाला दिव्यांवर निळं जिलेटिन चढवायचा, आणि त्याच क्षणी मुकुटातलं प्रत्येक माणिक विझायचं. निळ्या उजेडात लाल किरणच नाहीत, तर लाल खड्यानं परत काय द्यावं? मी विंगेत उभी राहून दर वेळी त्याच क्षणाची वाट बघायचे. नटाचं भाषण कसं रंगलं हे मला दुसऱ्या दिवशी इतरांकडून कळायचं. दामोदर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. त्या रंगमंचाचा उतार आणि दिव्यांच्या बारची उंची अजून माझ्या अंगात आहे. मोठा खडा ओतताना मी मनातल्या मनात अजून तिथल्या सातव्या रांगेत जाऊन बसते.

हे दुखणं जुनंच आहे. दादासाहेब फाळक्यांनी दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ केला आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावात कोरोनेशन थिएटरात लागला. तारामती झाले होते अण्णा साळुंके. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, लाल ते सगळं पडद्यावर काळं उमटे. राजाराणीच्या अंगावर लाल खडे असतीलच, तर ते गिरगावच्या प्रेक्षकांनी काळेच पाहिले. हे वाचलं तेव्हा मला मोठा धीर आला. ही अडचण माझ्या एकटीच्या हाताची नव्हे, आमच्या सगळ्या बिरादरीची आहे, आणि ती याच काही मैलांत शंभर वर्षांपूर्वीही होती.

आता मोबाईलचा कॅमेरा आला आहे, तो उलट्या बाजूनं छळतो. त्याला लाल दिसतो, नको इतका दिसतो. भर उजेडात लाल त्याच्या आवाक्याबाहेर जातो, मग पैलू नाहीत, खोली नाही, नुसता सपाट लाल ठिपका. रंगमंचासाठी केलेला खडा फोटोत मरतो आणि फोटोसाठी केलेला रंगमंचावर.

या सगळ्यावर उपाय एकच, तो जुना आहे आणि तो पाठीमागे असतो. खड्याखाली लावायची चकचकीत पत्री, आमचा डांक. कुंदनाच्या कामात बंद कोंदणाच्या तळाशी तो असतोच. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास नावाच्या जवाहिऱ्यानं शिशाच्या काचेचे खोटे हिरे केले, त्यानंही मागे धातूची पत्री लावून राजदरबार उजळला. त्याला जे काचेत करावं लागलं तेच मला रेझिनमध्ये करावं लागतं, कारण आमच्या मालात मुळात उजेड धरून ठेवायची ताकद कमी. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२, माणकाचा १.७७च्या आसपास, एपॉक्सीचा जेमतेम दीड. समोरून पडलेल्या शंभर भाग उजेडातले हिरा नुसत्या पृष्ठभागावरून सतरा परत देतो, माणिक आठाच्या जवळ, रेझिन चार. उरलेला आत जातो, आणि रेझिनमध्ये आत गेलेला उजेड मागच्या पैलूंतून गळून जातो. पैलू कितीही नेमके पाडा, दोन हजारच्या वॉटर पेपरनं मूळ नमुना आरशासारखा घासा, मागे डांक नसेल तर तो खडा म्हणजे रंगीत प्लास्टिक.

डांक सपाट लावला तर एकाच कोनातून लखकन चमकतो आणि बाकी वेळ आंधळा. पूर्ण चुरगाळलेला लावला तर खडा गढूळ दिसतो. मी पत्री आधी मुठीत चुरगाळते, मग काचेवर पसरून अंगठ्यानं अर्धवट सरळ करते. सुरकुत्या राहिल्या पाहिजेत, पण त्यांच्या धारा मोडल्या पाहिजेत. हे अंगठ्यालाच कळतं. कुणाला शिकवायला गेले की माझे शब्द तोकडे पडतात आणि मी पत्रीच हातात देते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतली एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. जे. जे.मध्ये शिकते. तिला गेन्शिन इम्पॅक्ट नावाच्या खेळातल्या पात्राचा पोशाख करायचा होता. त्या खेळात ‘व्हिजन’ नावाचा दागिना असतो, गोल घुमटाकार खडा, आत त्या त्या शक्तीची खूण. तिला हवा होता अग्नीचा, म्हणजे लाल, म्हणजे माझा जन्माचा वैरी. घुमटाला पैलू नाहीत, म्हणजे उजेड तुकड्यातुकड्यांनी परत फेकायची सोयही नाही. मी लगेच हो म्हटलं. त्यात तिच्यावरच्या मायेपेक्षा माझी खुमखुमी जास्त होती. गोरेगावला नेस्कोत कॉमिक कॉन भरायचं तेव्हा मी एकदा नुसती बघायला गेले होते, आणि थानोस या सिनेमातल्या खलनायकाच्या हातमोज्यातले सहा खडे पाहून दुखऱ्या मनानं परत आले होते. साचा चांगला, रंग चांगला, आणि पाठीमागे काही नाही. सहाही जण मेलेले.

ती मुलगी येऊ लागल्यानंतर माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, डाव्याची पुढे ठेवली होती. मधले ते आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. ट्यूबलाइटखाली खड्यांचा ट्रे घेऊन बसले. उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं पाहिलं: माझं माणिक, चोख, जसं मला हवं तसं. डावा मिटला, उजव्यानं पाहिलं: तोच खडा सरळसरळ जांभळट. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. पांढरा कापूस एका डोळ्याला चहाच्या डागासारखा, दुसऱ्याला निळसर शुभ्र. कितीतरी वेळ मी हेच करत बसले, दुपारचं जेवण राहून गेलं.

म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, ते निळा उजेड अडवतं. म्हणून लालातला नारिंगीपणा मारायला मी निळ्याचा जो अंश घालत आले, तो वर्षागणिक नकळत वाढत गेला होता. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं असंच झालं होतं. १९२३ साली वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि आधी केलेली काही चित्रं त्यानं पुन्हा रंगवायला घेतली.

मी माझे जुने मुकुट पुन्हा रंगवणार नाही. ते हॅलोजनच्या पिवळ्या उजेडासाठी केलेले होते. त्या उजेडात निळा मुळातच कमी, त्यामुळे जांभळट माणिक तिथे बरोबर लाल पेटायचं. माझा डोळा पिवळा, दिवा पिवळा, दोघांचं जमलेलं होतं. आता नाट्यगृहांतून एलईडी आले आणि माझ्या डोळ्यात नवं भिंग आलं. दोन्ही एकाच सुमारास बदलले, आणि चाळीस वर्षं जपलेला माझा अंदाज, ज्याच्या जोरावर मी मिजास केली, तो कुठल्याच उजेडाचा राहिला नाही.

मिजास मी पुष्कळ केली. रंग वजनानं मोजणाऱ्यांना मी कारकून म्हणत असे. ती मुलगी पहिल्या दिवसापासून रंग शतांश ग्रॅमच्या काट्यावर मोजते, वहीत लिहिते, प्रत्येक नमुन्याचा पांढऱ्या कागदावर एकाच खिडकीत फोटो काढते. आज तिच्या वहीमुळे मला माझे स्वतःचे रंग परत सापडतात. तरी काट्यावर वजन आलं की मी डोळ्यानं पुन्हा बघते, आणि एखादा कण वर टाकते. टाकल्याशिवाय तो खडा मला माझा वाटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. डांक लावून पाठ बंद करायच्या आधी मी पत्रीच्या मागच्या बाजूला सुईनं माझं आद्याक्षर कोरते. ते कधीच कुणाला दिसणार नाही. दिसायचं तर खडा फुटला पाहिजे. आणि मला आतून वाटत असतं, एखादा फुटावा, कुणीतरी ते वाचावं. नटाच्या नावाची पाटी लागते, नेपथ्यकाराचं नाव जाहिरातीत येतं. आमचं कुठेच येत नाही.

पावसाळ्याबद्दल बोलायलाच हवं, कारण मुंबईत आमचं सगळं काम नेमकं तेव्हाच येतं. गणपती भाद्रपदात, गौरी त्यांच्यामागे, म्हणजे ओतायचं काम आषाढ-श्रावणात. हवेत पाणी इतकं, की एपॉक्सीच्या पाठीवर तेलकट साय धरते. हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याची ती साय. कोमट पाण्यानं पुसली तर जाते, पण तिच्यावर दुसरा थर ओतला तर तो कधीतरी पापुद्र्यासारखा सुटणारच. आणि लाल खड्याला दोन थर लागतातच. मी साठच्या बल्बचा डबा करून त्यात साचे ठेवते. बल्ब आता मिळेनासे झालेत, म्हणून लोहार चाळीत दिसले की दोन जास्तीचे घेऊन ठेवते.

लालबाग-परळच्या कारखान्यांत हल्ली मूर्तीवर खड्यांचं काम इतकं वाढलं आहे की सोंड कुठे संपते आणि कंठा कुठे सुरू होतो ते कळत नाही. खडे मोजून पैसे घेतले की असंच होणार. चांगल्या मूर्तिकाराला एक मोठं माणिक पुरतं, कपाळावर, आणि त्याच्या चारी बाजूंना मोकळी जागा. भुलेश्वरात तयार सिलिकॉनचे साचे ढिगानं मिळतात, सगळ्यांचे पैलू एकसारखे, त्यामुळे सगळ्यांच्या राण्या एकाच पेटीतून दागिने काढून आल्यासारख्या दिसतात. आणि तो एलईडी! खड्याच्या मागे बारीक दिवा लावून द्यायचा आणि म्हणायचं, बघा, पेटला. तो पेटतो आणि पेटलेलाच राहतो. माणूस वळला तरी तसाच, थांबला तरी तसाच. डांकाचा उजेड घालणाऱ्याच्या श्वासाबरोबर हलतो. राजा मान उचलतो तेव्हा मुकुट त्याच्या आधी बोलतो. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांना बटण पुरतं, पण मी पाहिलं आहे, म्हणून मी बटण लावणार नाही.

दोन थरांचं माझं जुनं गणित असं: साच्यात आधी स्वच्छ रेझिन, ते नख लावलं तर उमटेल पण हातमोज्याला चिकटणार नाही इतकं धरलं की त्यावर जेमतेम दोन मिलिमीटर लाल, आणि शेवटी डांक. लवकर ओतलं तर लाल स्वच्छ थरात मिसळून ढग होतो, उशीर झाला तर रेघ दिसते. समोरून पाहिलं की वरचा घुमट भिंगाचं काम करतो, तळाचा पातळ लाल अख्ख्या खड्याभर पसरतो आणि काळा पडत नाही. नाटकात हे पुरतं, प्रेक्षक समोर बसलेला असतो. पण कॉस्प्लेत कॅमेरा माणसाभोवती फिरतो. बाजूनं फोटो काढला की वरचा अर्धा खडा पाण्यासारखा पांढरा दिसतो, सगळी चलाखी उघडी.

म्हणून आता वरच्या थरातही रंगाची पुसट छटा घालून बघते आहे, तळाचा थर तेवढा फिका करून. समोरून बरा येतो, बाजूनंही लाल दिसतो, पण निळ्या उजेडात पुन्हा मरतो. मुलगी म्हणते, “काकू, कन्व्हेन्शनमध्ये निळा उजेड कोण टाकणार आहे?” तिचं खरं आहे, पण मला तो खडा दामोदरच्या रात्रीच्या प्रवेशात टिकायला हवा, ते दामोदर आता नसलं तरी. ती चांदीचा डांक लावू म्हणते, मी तांब्याचा. चांदीनं फोटो थंड आणि स्पष्ट येतो, तांब्यानं लाल आतून तापल्यासारखा वाटतो. या आठवड्यात डाव्या डोळ्याचीही पट्टी निघाली. दोन्ही साचे भरून डब्यात ठेवले आहेत, एकात चांदी, एकात तांबं. रविवारी ती सकाळी येईल, मग आधी खिडकीत बघू आणि नंतर दार लावून तिच्या फोनच्या उजेडात, वर निळं जिलेटिन धरून.