लाल शाईचे भूत

भुतांवर माझा विश्वास नाही. हे वाक्य मी दिवसाउजेडी, चारचौघांत, अगदी ठासून सांगू शकतो. रात्री दहानंतर वीज गेलेली असावी आणि मागच्या दारी चिंचेखाली काहीतरी खसफसावे, अशा वेळी मात्र कडी लावायला मी सौभाग्यवतींना पुढे करतो. “अहो, तुम्ही एम. ए. ना?” असे ती विचारते. त्यावर माझे उत्तर ठरलेले आहे. एम. ए. मराठीत झालो आहे, शौर्यात नव्हे!

भीती आमच्या मुलखाला नवी नाही. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटापासून थोडे दूर गेले की झाडी लागते. वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीची आणखी दाट झाडी. 1982 सालापर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. जिल्हे वेगळे झाले, पण जंगलाला कोणी ते कळवले नाही. वाघही जुन्याच नकाशाप्रमाणे हिंडतात. माझी आजी मूळची नदीपलीकडची. पुरलेल्या धनावर बसलेल्या राखणदाराच्या गोष्टी ती अशा काही सांगे, की आम्ही पोरे पाय पोटाशी घेऊन झोपत असू. तेव्हा कोणी सांगितले असते की पुढे तू मराठीचा प्राध्यापक होशील आणि असल्या गोष्टींना नाके मुरडशील, तर माझा विश्वास बसला नसता.

पण झाले तसेच. पदवी माणसाला काही देते, तसे काही काढूनही घेते. वाङ्मयाचे मूल्यमापन शिकता शिकता मी मनाशी एक उतरंड रचली. वर कविता, त्याखाली गंभीर कादंबरी, मग नाटक, मग ललित निबंध, आणि अगदी तळाशी, अडगळीत, रहस्यकथा आणि भयकथा. नारायण धारप यांची पुस्तके शाळकरी वयात मी चादरीखाली बॅटरी लावून वाचली होती. प्राध्यापक झाल्यावर मात्र त्यांचे नाव काढताना माझ्या ओठांवर एक सुशिक्षित हसू येऊ लागले.

ही 2009 सालची गोष्ट. बी. ए.च्या वर्गाला मी निबंध घातला होता, ‘माझा आवडता लेखक’. त्या विषयावर येणारी उत्तरे मला पाठ होती. मोठी नावे, मोठी विशेषणे आणि शेवटी ‘अशा या थोर साहित्यिकास माझे कोटी कोटी प्रणाम’. एका वहीत मात्र निराळेच काही होते. गडचिरोलीकडून आलेला, मागच्या बाकावर बसणारा एक अबोल मुलगा. त्याने धारपांवर लिहिले होते. तेही प्रणाम वगैरे काही न करता. त्यांच्या कथेत भीती दार उघडल्यावर येत नाही, ती दार उघडावे की नाही या विचारात असते, असे काहीसे त्याने लिहिले होते. आणि शेवटी चार पाने स्वतःची एक गोष्ट जोडली होती. पावसाळ्यात वाहून गेलेला रस्ता, एक बंद पडलेली भातगिरणी आणि तिच्यात रात्री कोणीतरी कांडत असल्याचा आवाज.

मी ती गोष्ट वाचली. खरे सांगतो, संध्याकाळी वाचली आणि उठून दिवा लावला. मग लाल शाईचे पेन घेतले आणि वहीच्या तळाशी लिहिले, ‘हे साहित्य नव्हे. अभ्यासाकडे लक्ष द्यावे.’

वर्गात वह्या वाटताना त्यावर मी एक विनोदही केला. वर्ग हसला. आपल्या विनोदाला वर्ग हसला की प्राध्यापकाला किती बरे वाटते हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. तो मुलगाही हसला. मी ते खिलाडूपणाचे समजलो.

त्याच वर्षी, त्याच वर्गाला, मी अनिल बर्वे शिकवीत होतो. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ ही त्यांची कादंबरी. फाशीची शिक्षा झालेला नक्षलवादी कैदी आणि तुरुंगाचा कठोर अधिकारी ग्लाड यांची गोष्ट. गडचिरोलीच्या मुलांपुढे ती शिकवणे हा वेगळाच अनुभव असतो. पुण्यामुंबईच्या वर्गात जो शब्द नुसता शब्द असतो, तो इथे उच्चारला की दोन-तीन मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. बर्वे यांच्याविषयी मी भरभरून बोलत असे. ‘हमीदाबाईची कोठी’सारखे नाटक लिहिणारा हा लेखक 1984 साली ऐन तरुण वयात गेला, हे सांगताना माझा आवाज थोडा कापतही असे. त्यांच्या मागे एक लहान मुलगा राहिला आहे आणि तो पुढे काय करणार आहे, याची मला कल्पनाही नव्हती.

ती आली 2024 च्या सप्टेंबरात. विद्यापीठाच्या कामासाठी नागपूरला गेलो होतो. संध्याकाळ मोकळी होती. सोबतचे इंग्रजीचे प्राध्यापक म्हणाले, “चला, ‘तुंबाड’ पुन्हा लागलाय.” हा चित्रपट 2018 च्या 12 ऑक्टोबरला प्रथम आला होता. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा पडदा त्याने उघडला होता. मी तो तेव्हा पाहिला नव्हता. भुताचा सिनेमा आणि तोही हिंदी. उतरंडीत त्याची जागा धारपांच्याही खाली! पण नाव ऐकून कान टवकारले. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ कोण मराठीचा प्राध्यापक विसरेल? नाव तिथलेच, पण गोष्ट निराळी, असे सहकाऱ्यांनी सांगितले. दिग्दर्शकाचे नाव त्यांनी सांगितले, तेव्हा मात्र मी जिन्यातच थांबलो. राही अनिल बर्वे. माझ्या अनिल बर्व्यांचा मुलगा.

अंधारात बसलो. पडद्यावर पाऊस सुरू झाला, तो जवळजवळ थांबलाच नाही. 1918 सालचे कोकणातले तुंबाड. ओला, कुजलेला, काळोखा वाडा. साखळीने जखडलेली एक भयंकर म्हातारी. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्याला आईचे सगळे सोने हवे होते आणि सगळे धान्यही. सोने त्याने बळकावले, पण धान्याला हात लावताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला पोटात घेऊन वाचवले, ते एका अटीवर. त्याची पूजा कधी व्हायची नाही. तेव्हापासून तो उपाशी आहे. विनायकराव नावाचा गृहस्थ दोराने त्या देवीच्या गर्भात उतरतो, कणकेची बाहुली पुढे करतो, आणि तो भुकेला देव तिच्यावर झडप घालतो तेवढ्यात त्याच्या कमरेच्या लंगोटातून मूठभर मोहरा हिसकून वर येतो. पुन्हा जातो. पुन्हा येतो. मुलगा मोठा झाला की त्यालाही तोच धंदा शिकवतो.

मी प्राध्यापक आहे हे विसरून मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पण भीती हस्तरची वाटत नव्हती. दोर वर ओढणाऱ्या त्या पोराच्या डोळ्यांची वाटत होती. बापाहून अधिक हाव त्यात दिसू लागली होती. कोळशाच्या खाणींच्या गावात राहणाऱ्या माणसाला जमिनीच्या पोटात उतरून संपत्ती वर आणणे ही परीकथा वाटत नाही. आमच्याकडे रोज हजारो माणसे पोटासाठी खाली उतरतात. विनायकराव पोट भरल्यावरही उतरत राहतो, हा फरक. माझ्या आजीच्या राखणदाराच्या गोष्टीचा अर्थही हाच होता. तो मला चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिकीट काढून कळला.

घरी आल्यावर या दिग्दर्शकाविषयी मिळेल ते वाचून काढले. 1979 चा जन्म. म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. वडील गेले तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. ‘तुंबाड’चा पहिला आराखडा त्याने 1997 साली लिहिला, अठराव्या वर्षी. (1997 साली मीही एक कादंबरी सुरू केली होती. तिची बावीस पाने अजून कपाटात आहेत आणि ती तेवीस होण्याची चिन्हे नाहीत.) 2008 साली त्याने ‘मांजा’ हा लघुपट केला. त्याच सुमारास ‘तुंबाड’साठी निर्माता मिळाला होता, तो मागे फिरला. त्याच्यासारखे आणखीही काही जण आले आणि गेले. दरम्यान या माणसाने चित्रपटातले एकेक दृश्य चितारून सुमारे सातशे पाने भरवली. 2012 साली चित्रीकरण झाले. जोडून पाहिले, तर मनासारखे उतरले नव्हते. मग सोहम शाह, आनंद गांधी, आदेश प्रसाद या साथीदारांसह 2015 साली पुन्हा चित्रीकरण. पाऊस हवा होता तो खरा, म्हणून पावसाळ्यांची वाट पाहणे आलेच. पहिल्या आराखड्यापासून पडद्यापर्यंत एकवीस वर्षे! छायालेखन, कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांना पुढे फिल्मफेअरची पारितोषिके मिळाली. पण पहिल्या वेळी गल्ला बेताचाच होता. सहा वर्षांनी पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्यापेक्षा अधिक कमाई केली. त्याच वेळी दुसऱ्या भागाची घोषणा झाली, आणि त्यात बर्वे नव्हते. ज्याने विहीर खणली त्यानेच पाणी भरावे असा नियम नाही. तो आपला दुसरीकडे खणायला निघून गेला.

हे वाचता वाचता एका ओळीवर मी अडखळलो. ही सगळी गोष्ट सुरू कुठून झाली? 1993 साली, चौदा वर्षांचा राही नागझिऱ्याच्या अभयारण्यात गेला असताना, तिथे एका मित्राने त्याला नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. ती ऐकून तो कमालीचा घाबरला. ती भीती त्याने जपली, आणि तिच्यातून पुढे ‘तुंबाड’ उगवले.

नागझिरा! आमच्याच विदर्भाच्या झाडीतला. आणि धारप! ज्या बापाला मी फळ्यावर चढवीत होतो, त्याच्या मुलाला वाट दाखवली ती मी वर्गाबाहेर काढलेल्या लेखकाने. त्या रात्री त्या मुलाच्या जवळ कोणी मराठीचा प्राध्यापक नव्हता, हे मराठी मुलखाचे केवढे भाग्य!

झोप आली नाही. भातगिरणीतला तो आवाज मला पंधरा वर्षांनी पुन्हा ऐकू येऊ लागला.

त्या विद्यार्थ्याचा पत्ता काढायला महिना लागला. तो वडसा भागातल्या एका झाडीपट्टी नाटक कंपनीबरोबर होता. दिवाळीनंतर धान घरात आले की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके रंगतात. तिथे तो पडदे आणि दिवे सांभाळत होता. एका गावी थंडीत कुडकुडत मी पोचलो. त्याने मला ओळखले, वाकून नमस्कार केला, आणि खुर्ची पुसून दिली. तीच माझ्या अंगावर आली.

“अरे, ती भातगिरणीची गोष्ट आठवते का तुला?”

“आठवते ना जी.”

“पुढे लिहिलेस काही?”

“नाही सर. लिहून राहिलो होतो तेव्हा. दोन वह्या होत्या. मग तुम्ही लिहून दिलं ना, साहित्य नाही म्हणून. म्हटलं, सरांनी म्हटलं म्हणजे नसनच.”

त्याच्या बोलण्यात राग असता तर मला बरे वाटले असते. तो नव्हता. माझ्या लाल शाईवर त्याने माझ्यापेक्षाही अधिक विश्वास ठेवला होता.

मी चुकलो, असे त्याला सांगितले. चाळीस मुलांपुढे केलेल्या विनोदाची भरपाई एका कनातीमागे, कोणी ऐकत नसताना करणे सोपे असते, हेही मला कळत होते. तो संकोचून हसला. घंटा झाली आणि तो दिव्यांकडे गेला. तिसऱ्या अंकात एका प्रवेशाला त्याने सारा रंगमंच काळोखा केला आणि फक्त दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ सोडली. हजारभर माणसे एकदम गप्प झाली. दार उघडत नव्हते. माझ्या शेजारच्या म्हातारीने माझा हात धरला.

त्याने लिहिणे सोडले होते, हे मी अर्धेच खरे मानतो.

निघताना मी त्याला एक कोरी वही दिली. गेल्या वर्षभरात तिच्याविषयी त्याने काही कळवलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. माझी लेक मात्र अधूनमधून विचारते, “बाबा, भातगिरणीत कोण होतं?” मी तिला सांगतो, ते मला माहीत नाही, ज्याला माहीत आहे त्याची आपण वाट पाहू. आणि टेबलाच्या खणातले लाल पेन उचलण्यापूर्वी, आता रात्र असो की दिवस, मला थोडी भीती वाटते.