कुरुंदवाडचा घाट आणि जहाजांचे कागद

कुरुंदवाडास येणारा यात्रेकरू बहुधा कुरुंदवाडासाठीं येत नाहीं. तो नरसोबाच्या वाडीस जातो, दत्तपादुकांचें दर्शन घेतो, बासुंदी बांधून घेतो, आणि वेळ उरलाच तर नदी ओलांडून या गांवांत डोकावतो. आम्ही मात्र गेल्या माघांत चार दिवस मुद्दाम तेथेंच राहिलों. पटवर्धनांच्या या लहानशा संस्थानाच्या १८५४ सालीं थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या, आणि १९४८ सालीं दोन्ही मुंबई प्रांतांत विलीन झाल्या, एवढें आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें सांगितलें. घाट मात्र आतां पाहिला.

घाट पाहण्याजोगा खराच. दगडी पायऱ्या, सेनापति संताजी घोरपडे यांची म्हणून दाखवितात ती समाधि, आणि जवळच कृष्णा-पंचगंगेचा संगम. माघांत नदी इतकी शांत आणि इतकी खालीं असते कीं, हीच गांवांत शिरते हें नव्या माणसास खरें वाटूं नये. पण २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही सालीं या टापूनें महापूर पाहिला. वाडीस पाणी पादुकांवरून वाहूं लागलें म्हणजे दक्षिणद्वाराचें पर्व मानून लोक स्नानास धांवतात. तेंच पाणी चढत राहिलें कीं नदीकांठचीं घरें सोडावीं लागतात.

ज्यांच्या घरीं आम्ही उतरलों होतों, त्या वृद्ध गृहस्थांनीं दुसरे दिवशीं माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढिली. २०१९ च्या पुरांत ती तीन दिवस पाण्याखालीं होती. शेताचे उतारे, मुलांचे शाळेचे दाखले, सोसायटीच्या पावत्या, वडिलांची हिशेबाची वही. सर्व एकमेकांस चिकटलेलें, शाई पसरून पानें निळसर झालेलीं. एका दाखल्याची नक्कल मिळविण्यास त्यांस आठ महिने खेटे घालावे लागले. त्यांचा नातू मुंबईस, परदेशीं माल पाठविणाऱ्या एका कचेरींत आहे. तो सुटीवर आला होता. तो म्हणाला, "आजोबा, आमच्याकडे आतां जहाजाचेसुद्धां कागद संगणकांतच असतात." आम्हीं त्यास बसवून घेतलें आणि खोदखोदून विचारिलें. मास्तरकी सुटली तरी ही खोड सुटत नाहीं.

त्यानें सांगितलें तें असें. इचलकरंजीचें कापड किंवा, सरकारची परवानगी असेल त्या वर्षीं, इकडची साखर न्हावा-शेवा बंदरांतून निघते, तेव्हां मालाबरोबर कागदांची वरातच निघते: भरतिया, बांधणीची यादी, जकातीचें पत्रक, उत्पत्तीचा दाखला. यांत श्रेष्ठ कागद म्हणजे 'बिल ऑफ लेडिंग'. ती मालाची नुसती पोंच नव्हे. ज्याच्या हातीं रीतसर तो कागद, त्याचा माल. आपल्याकडे यासंबंधींचा १८५६ सालचा कायदा थेट २०२५ सालीं बदलला, यावरून या कागदाचें वय ध्यानांत यावें. २६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅकलीन या अमेरिकन मालमोटारींच्या धन्यानें 'आयडियल एक्स' जहाजावर ५८ लोखंडी पेट्या चढवून धाडिल्या, आणि तेथून हमालांचें काम यंत्राकडे जाऊं लागलें. कारकुनांचें मात्र गेलें नाहीं. तेंच नांव, तेंच वजन, तोच पेटीचा क्रमांक आडत्याच्या कचेरींत, जहाजकंपनींत, जकातींत आणि पैलतीरावर पुन्हां पुन्हां लिहावयाचा. आणि एक आंकडा चुकला कीं माल बंदरांत अडकावयाचा.

हें लेखन एकदांच व्हावें म्हणून ज्यांनीं जन्म वेंचला, त्यांत सिडनीचे रिचर्ड व्हाइट यांचें नांव मोठें आहे. त्यांचा आरंभ आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. तरुणपणीं ते गिटारी दुरुस्त करीत. 'एसी/डीसी' या गाजलेल्या वाद्यवृंदाचीं वाद्यें त्यांच्या हाताखालून गेलीं. तेथून ते संगणकाकडे वळले, आणि १९९४ सालीं त्यांनीं मरी आयझॅक्स यांच्यासह जी संस्था काढिली, तीच आजची 'वाइजटेक ग्लोबल'. तिची 'कार्गोवाइज' ही प्रणाली माल पाठविणाऱ्या आडत्यांसाठीं केलेली: नोंद एकदां करावी, आणि पुढचे सारे कागद तिच्यांतून निघावे. संस्था २०१६ सालीं ऑस्ट्रेलियाच्या शेअरबाजारांत आली. व्हाइट यांनीं वृत्तपत्रांत गाजलेल्या वादानंतर ऑक्टोबर २०२४ मध्यें मुख्याधिकाऱ्याचें पद सोडिलें, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें ते कार्यकारी अध्यक्ष म्हणून परतले. त्या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. पण वाद्य दुरुस्त करणारा मनुष्य प्रथम कान देऊन ऐकतो कीं, बिघाड कोठें आहे. कारकुनीचा बिघाडही त्यांस तसाच ऐकूं आला असावा, असें आमचें अनुमान आहे.

आपल्याकडेही हें काम चालू आहे. १९८२ सालीं नरेंद्र काळे यांनीं स्थापिलेली 'काळे कन्सल्टंट्स' विमानकंपन्यांचे हिशेब ठेवीत असे. तिच्यांतूनच निघालेली ठाण्याची 'काळे लॉजिस्टिक्स' आज विमानतळ व बंदरें यांवरील मालाच्या कागदपत्रांची जुळणी करिते. हें नांव ऐकतांच आमच्या यजमानांस जो आनंद झाला, तो सिडनीच्या हकीकतीनें झाला नव्हता!

पण लगेच त्यांनीं विचारिलें, "आणि तुमच्या संगणकांत पाणी शिरलें म्हणजे?"

नातू हंसला नाहीं. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नांवाचा विध्वंसक प्रोग्राम मर्स्क या बलाढ्य जहाजकंपनीच्या जाळ्यांत शिरला, आणि जगभरच्या तिच्या कचेऱ्यांतील संगणक बंद पडले. न्हावा-शेवा येथील, त्याच समूहाकडे असलेला एक धक्काही ठप्प झाला. पेट्या होत्या, याऱ्या होत्या, माणसें होतीं; कोणती पेटी कोणाची हें सांगणारी नोंद तेवढी नव्हती. कंपनीनें आपलें नुकसान २५ ते ३० कोटि डॉलर सांगितलें. तिच्या जाळ्याची किल्लीच म्हणावी अशी एक नोंद सर्वत्र पुसली गेली होती. ती सांपडली घानांतल्या कचेरींत, आणि तीही त्या वेळीं तेथील वीज गेल्यामुळें तो संगणक जाळ्याबाहेर राहिला म्हणून. वीज जाण्याचा असा उपकार आम्हीं प्रथमच ऐकिला.

"म्हणजे पूर तुमच्याकडेही येतोच," यजमान म्हणाले, आणि पेटी झांकूं लागले. नातवाचें म्हणणें, सर्व कागदांचीं छायाचित्रें घेऊन मूळ कागद टाकून द्यावे; आजोबांचें म्हणणें, एकही कागद टाकावयाचा नाहीं. आम्हांस दोघांनींही पंच नेमिलें. आम्हीं निवाडा दिला कीं, छायाचित्रें घ्यावीं, त्यांची एक प्रत पुण्यास मुलीकडे असावी, आणि पेटी माळ्यावर न ठेवितां नदीपासून दूर, उंचावर राहणाऱ्या भावाच्या घरीं न्यावी. घरांतील मंडळींनीं तो मानिला, पण सूनबाईंनीं पेटी नेण्याआधीं ती नीट उन्हांत घालण्याची अट घातली.

ती दुपार आम्ही व नातू गच्चीवर पानें सोडवीत बसलों. वडिलांच्या वहींतील मोडी त्यास वाचतां येईना. तो एकेक पान पुढें करी, "गुरुजी, हें काय?" म्हणून विचारी, आणि आम्ही वाचून दाखवूं. बहुतेक उसाचा व गड्यांचा हिशेब. एका पानावर मात्र होतें: गुळाच्या ढेपा अकरा, नावेनें पैलतीरीं पोंचत्या, खालीं नावाड्याचा अंगठा. नातवानें त्या पानाचीं तीन छायाचित्रें घेतलीं. साल कोणतें म्हणून त्यानें विचारिलें, पण तो कोपरा पाण्यानें गेला होता.