हॅलिफॅक्सचे वाळवण

इंग्लंडला जाणारा आपला माणूस लंडन पाहतो, फार तर शेक्सपिअरचे गाव पाहतो आणि परततो. मी लीड्सहून आगगाडीने हॅलिफॅक्सला निघालो, तेव्हा "तिथे पाहण्यासारखे काय आहे?" असेच सर्वांनी विचारले. मला पाहायचे होते ते शब्दांचे माहेर. यॉर्कशायरच्या डोंगरकुशीतले हे गाव शेकडो वर्षे लोकरीच्या कापडावर जगले, आणि इंग्रजीतले कितीतरी शब्द असल्याच गावांतल्या मागांवरून उतरले आहेत.

गावाच्या मध्यावर पीस हॉल आहे. आपल्या चौसोपी वाड्याची आठवण व्हावी अशी ही इमारत. मात्र तिच्या चौकात असे कित्येक वाडे सहज मावतील! १ जानेवारी १७७९ रोजी ती उघडली. भोवताली ३१५ खोल्या. 'पीस' म्हणजे येथे तुकडा नव्हे, तर हातमागावरचे सुमारे ३० वारांचे ठाण. डोंगरावरचे विणकर ती ठाणी घेऊन खाली उतरत. शनिवारी घंटा वाजली की अवघ्या दोन तासांत आठवडाभराच्या मेहनतीचा सौदा होई. पुढे गिरण्या आल्या, हातमाग थंडावले आणि १८७१ साली येथे भाजीबाजार भरू लागला. २०१७ साली दुरुस्त होऊन ही वास्तू पुन्हा उघडली. आता तेथे दुकाने आहेत, उपाहारगृहे आहेत.

या गावांतली माणसे गेली, पण धंदे त्यांच्या आडनावांत राहिले. वॉकर म्हणजे चालणारा, असे आपण समजतो. पण हा चालत कुठेच जात नसे! मागावरचे लोकरीचे कापड विरळ आणि तेलकट असे. ते पाण्यात, मुलतानी मातीसारख्या मातीत आणि घरोघरून जमवलेल्या शिळ्या मूत्रात भिजवून पायांनी तुडवावे लागे. ते तुडवणारा तो वॉकर. इंग्लंडच्या आग्नेय भागात तोच फुलर आणि नैर्ऋत्येला टकर. वेबस्टर म्हणजे विणणारी. शेवटचा 'स्टर' मूळचा बायकांचा. सूत कातणारी ती स्पिन्स्टर. अविवाहित मुली चरख्यावर पोट भरीत, म्हणून सतराव्या शतकापासून कायद्याच्या कागदपत्रांत अविवाहित स्त्रीला तोच शब्द लागला. चरखा सुटला, टोमणा तेवढा राहिला.

पण मला खिळवून ठेवले ते 'टेंटरहुक'ने. तुडवलेले ओले कापड आटू नये म्हणून लाकडी चौकटीला आकड्यांनी ताणून वाळत घालीत. ती चौकट म्हणजे टेंटर. डोंगराच्या उतारांवर अशा चौकटींच्या रांगा असत, आणि कुटुंबाची सारी कमाई रात्रभर उघड्यावर टांगलेली असे. जीव टांगणीला लागला की इंग्रज माणूस 'मी टेंटरहुकांवर आहे' असे म्हणतो, ते यावरून.

गावात गिबेट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथे उंच लाकडी चौकटीत एक पाते लटकते. ही १९७४ साली उभारलेली प्रतिकृती. फ्रान्सच्या गिलोटिनच्या कितीतरी आधीचे हे यंत्र आहे. साडेतेरा पेन्स किंवा अधिक किमतीचा माल चोरणाऱ्याचे डोके येथे उडवीत. चोरीचा माल पुष्कळदा टेंटरवरचे कापडच असे. १६५० साली दोघांचा शिरच्छेद झाला, तो शेवटचा. त्यांच्या चोरीत दोन घोडे होते, आणि कापडही होते. मी त्या पात्याखाली उभा राहिलो. विणकराची झोप आणि चोराची मान, दोन्ही त्याच आकड्यांना टांगलेली! आता परीक्षेच्या निकालाची वाट पाहणारा मुलगाही तोच शब्द सहज वापरतो.

पीस हॉलमधल्या एका दुकानात मला डंगरी टांगलेली दिसली. हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीचा. तेथल्या जाड्याभरड्या कापडाचे नाव गलबतांतून सातासमुद्रांपार गेले. विणणाऱ्याचे नाव मात्र कोणी नेले नाही.

तेथून मन थेट गिरणगावात आले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि नंतर एकेक करून साचे कायमचे थांबले. तिथला एक शब्द 'बदली'. बदली कामगार पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभा राही. कोणी गैरहजर असेल तर त्याला दिवसाची रोजी मिळे, नाहीतर रिकाम्या डब्यानिशी नव्हे, भरल्या डब्यानिशीच तो घरी परते. टांगणी म्हणजे काय, हे त्याच्या बायकोला विचारावे. आज 'बदली' म्हटले की आपल्याला आठवतो तो तालुक्याच्या गावी निघालेला सरकारी कारकून.