चाड्यावरची मूठ

गुढीपाडवा जवळ आला की आमच्या मराठवाड्यात पारावर एकच विषय निघतो, सालगड्याचा. आवंदा कोण कुणाकडं राहिला, साल किती ठरलं, उचल किती घेतली. पाडव्याला जुनं साल संपतं अन् नवं लागतं. हल्ली लाखाच्या वर साल देऊनही माणूस मिळंना झालाय. मग आमचे लोक म्हणतात, "माणसं माजलीत. कितीही द्या, टिकत नाहीत." तिथं मी गप्प बसतो. माझ्याकडूनही एक माणूस गेला होता, अन् तो पैशासाठी गेला नव्हता.

वडिलांच्या काळापासून आमच्याकडं एक सालगडी होते. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. 1972 च्या दुष्काळात वडिलांकडं द्यायला काहीच नव्हतं. वडील म्हणाले, "बाबा, तू मोकळा आहेस. पोट भरंल तिथं जा." मामा दिवसा सरकारी कामावर खडी फोडायला जायचे अन् दिवेलागणीला येऊन आमच्या बैलांना पाणी दाखवायचे. मी तेव्हा तेरा वर्षांचा. मला वाटायचं, हा माणूस आमचं घर सोडत का नाही?

पुढं कळलं. रोज रात्री जेवणं झाली की वडील ओसरीवर बसून विचारायचे, "उद्या कसं करायचं?" मामा सांगायचे अन् बहुतेक तसंच व्हायचं. पेरणीला वडील बैल हाकायचे, चाड्यावर मूठ मामांची. ज्यांनी तिफण बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी वाटीसारखं भांडं. त्यात मुठीतून बी सोडायचं अन् ते नळ्यांतून तिन्ही तासांत सारखं पडलं पाहिजे. मूठ ढिली सुटली तर पीक दाट, आवळली तर विरळ. घराचं वर्षाचं पोट त्या मुठीत. ज्वारी उगवून आली की मामा बांधावर उभे राहून म्हणायचे, "बघा माझे तास." शेत आमचं, पण तास त्यांचे.

1983 साली वडील गेले. कारभार माझ्याकडं आला. 1975 ला दहावीची पहिली बॅच निघाली, त्यातला मी. हातात घड्याळ, खिशाला पेन. पाडव्याला मी मामांचं साल पाचशेनं वाढवलं, नवं घोंगडं दिलं. वाटलं, आता मामा खूश. पण रात्रीचं विचारणं मी बंद केलं. सकाळी उठून नुसते हुकूम.

त्या साली मृगाचा पाऊस दणकून झाला. शेजाऱ्याच्या आधी आपली पेरणी व्हावी, ही माझी हौस. मामांनी मूठभर माती दाबून बघितली. म्हणाले, "बापू, अजून वाफसा नाही. माती बोटाला चिकटायलीय. दोन दिस दम धरा."

मी म्हणालो, "मामा, सांगतो ते करा. शेत माझंय."

मामा पुढं बोलले नाहीत. नळे चिखलानं तुंबायचे, ते काडीनं मोकळे करत त्यांनी पेरलं. मग कडक ऊन पडलं. तास लिपल्यासारखे घट्ट झाले अन् बी आतल्या आत कुजलं. दुबार पेरणी आली. पारावर कुणीतरी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मामांची मूठ आता थरथर करायलीय." मामा तिथंच बैलांचे कासरे धरून उभे होते.

नंतरही वर्षभर त्यांनी काम केलं, एक खाडा नाही. पाडव्याला उचलीचा हिशेब मिटवला अन् म्हणाले, "बापू, आवंदा दुसरीकडं बोललो." मी आणखी पाचशे देतो म्हणालो. ते नुसते हसले. जिथं गेले तिथलं साल माझ्यापेक्षा कमी होतं. पण त्या मालकानं पेरणीच्या आधी बियाण्याचं पोतं त्यांच्यापुढं ठेवून विचारलं, "कधी धरायची?"

माणसाला पैसा नको असतो असं नाही. मामांना दोन पोरी उजवायच्या होत्या. वाढवलेले पाचशे त्यांनी मोजून घेतले अन् ते घ्यायलाच पाहिजेत. उपाशी ठेवून दिलेला मान खोटा. पण पोटाचं भागलं की माणूस बघतो, इथं माझ्या शब्दाला किंमत आहे का? अन् मालकाची चूक माझ्या डोक्यावर तर येत नाही?

माझा पोरगा पुण्यात एका कंपनीत आहे. पगार चांगला. दोन वर्षांमागं दिवाळीला आला अन् म्हणाला, नोकरी सोडायची. त्याची आई चिडली. मी कारण विचारलं. म्हणाला, "बाबा, मशीन बिघडणार हे मी आधीच सांगितलं होतं. ऐकलं नाही. बिघडल्यावर चार लोकांत नाव माझंच घेतलं." माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्याला काय सांगणार? त्याचा साहेब माझ्या चांगला ओळखीचा निघाला.

मामा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दहाव्याला गेलो होतो, पण तोंड उघडलं नाही. चार माणसांत बोललेलं चार माणसांतच मागं घ्यायला पाहिजे होतं. ते राहिलं, म्हणून इथं लिहितो. त्या साली मूठ बरोबर होती. वाफसा नव्हता, अन् मामांनी ते सांगितलं होतं.