सत्तरात एक

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. पण ते शीत कोणते, हे म्हणीत सांगितलेले नाही. चुलीपाशी आयुष्य गेलेल्या बाईला ते सांगावे लागत नाही. ती आधी डाव तळापर्यंत फिरवते आणि मग हाती येईल ते शीत चिमटीत दाबून पाहते. संख्याशास्त्राचा पहिला धडा या फिरवलेल्या डावात आहे. नमुना थोडा असला तरी चालतो. मात्र तो आपल्या मर्जीने उचललेला नसावा.

हा धडा आपल्याकडे शेताच्या बांधावर नेला तो पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी त्यांचा जन्म झाला. पूर्वी पीक किती आले ते नजरेच्या अंदाजाने ठरवीत. अंदाज करणाऱ्याची मर्जी त्यात मिसळायचीच. १९४० नंतरच्या दशकात सुखात्म्यांनी वेगळी रीत रुजवली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडायची, त्यांतल्या ठरावीक मापाच्या तुकड्यातले पीक कापायचे, झोडायचे आणि तोलायचे.

पण नमुना हाती आला म्हणजे सत्य हाती आले असे नाही. वरंध घाटाच्या पायथ्याशी आमच्या आत्याचे घर आहे. घरात गॅस आला तरी तिचे म्हणणे कायम राहिले : "चुलीवरचा भात मी डोळे मिटून ओळखीन!" एका दिवाळीत आम्ही भाचरांनी पैज लावली. एकच तांदूळ, सारखेच पाणी. चार वाट्या चुलीवरच्या, चार गॅसवरच्या. क्रम चिठ्ठ्यांनी ठरवला. वाढणाऱ्या मुलीलाही कुठली वाटी कशातली ते ठाऊक नव्हते; कारण समोरच्याच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचण्यात आत्याचा हात धरणारा कोणी नाही. आत्याने चारही वाट्या बरोबर वेगळ्या काढल्या.

"नशीब!" धाकटा भाचा म्हणाला.

"मेल्या, नशिबावर का कुणी चाळीस वर्षं रांधतं?" आत्या म्हणाली.

या भांडणाचा निवाडा कसा करावा, ते रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३५ साली आपल्या पुस्तकात सांगितले आहे. त्याच्या गोष्टीत भात नाही, चहा आहे. कपात दूध आधी घातले की चहा, ते चवीवरून ओळखण्याचा दावा करणाऱ्या एका बाईची ती गोष्ट. युक्ती अशी, की प्रथम धाकट्याचेच खरे मानून चालायचे. आत्याला काही कळत नाही, सारा अंदाज आहे. आठांतून चार वाट्या सत्तर प्रकारांनी निवडता येतात. त्यांतला बरोबर प्रकार एकच. म्हणजे नुसत्या अंदाजाने हे सत्तरात एकदा घडेल. चारांपैकी तीन तरी बरोबर येणे मात्र सत्तरात सतरा वेळा, म्हणजे जवळजवळ चारात एकदा. तेवढ्यावर आत्याला मान द्यायला कोणी तयार झाले नसते. विसात एकाहून दुर्मीळ असेल तर नशिबाची सबब नाकारावी, असा पुष्कळांचा प्रघात आहे. आत्या जिंकली.

इथे एक बारकावा आहे. सत्तरात एक ही आत्या अंदाज करीत असण्याची शक्यता नव्हे. ती अंदाजच करीत असती, तर असा निकाल लागण्याची ती शक्यता. भले भले लोक या दोहोंची गल्लत करतात.

आणि निवाडा म्हटला की चूक दोन तऱ्हांनी होते. काही नसताना 'आहे' म्हणणे, ही एक; असताना 'नाही' म्हणणे, ही दुसरी. एकीला आवर घालावा तर, नमुना तेवढाच असला, की दुसरी वाढते. भाताच्या पैजेत कोणतीही झाली तरी फार तर एक लाडू जातो. पण याच महाड तालुक्यात २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तिथे या दोन चुकांची किंमत सारखी कशी धरावी?

तेव्हापासून पाऊस रात्री फार लागला की आत्या अंथरूण गुंडाळून शाळेच्या इमारतीत जाते. पहाटे डोंगर जागच्या जागी असतो. "गेली फुकट रात्र," असे शेजारी हसून म्हणतात. हिशेबाच्या भाषेत ही पहिल्या तऱ्हेची चूक. तिची किंमत एक जागरण आणि थोडी ओली चादर. दुसऱ्या तऱ्हेची चूक करणाऱ्याला ती मोजायला सवडच मिळत नाही. शंभर शांत रात्रींनी डोंगर पक्का असल्याचे सिद्ध होत नाही. तो कोसळल्याचा पुरावा अजून मिळालेला नाही, इतकेच.

गणित आपल्याला सत्तरात एक की विसात एक ते सांगते. रेघ कुठे ओढायची ते मात्र काय गमवायचे आहे यावर ठरते, आणि ते ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. आत्याने आपली रेघ पुष्कळ अलीकडे ओढली आहे.