कायद्याच्या वाटेनें

हुकूमशाही ही अंधाऱ्या रात्रीं भिंतीला भोंक पाडून घरांत शिरणाऱ्या चोरासारखी येते, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज असतो. इतिहास शिकवितांना मला असें आढळून आलें आहे कीं, मुलांना हिटलरविषयीं माहिती पुष्कळ असते; परंतु ती युद्धाची, रणगाड्यांची व छळछावण्यांची असते. तो अधिकारावर आला कसा, असें विचारलें म्हणजे बहुतेक मुलें सांगतात, "सर, त्यानें राज्य बळकावलें." मग एखादा वाचनाची आवड असलेला मुलगा उठून म्हणतो, "नाहीं सर, त्याला लोकांनींच निवडून दिलें." हीं दोन्हीं उत्तरें अर्धीं खरीं आहेत. त्यांच्या मधल्या जागेंत काय काय घडलें तें सांगावयास वर्गांतील एक तास कधींच पुरत नाहीं, म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम आंकडे पाहूं. मे १९२८ च्या निवडणुकींत हिटलरच्या नाझी पक्षाला शेंकडा २.६ मतें आणि राइशस्टागमध्यें, म्हणजे जर्मन लोकसभेंत, अवघ्या १२ जागा मिळाल्या. शहाण्यासुरत्या माणसांनीं ह्या पक्षाचा विचारच सोडून दिला होता. सप्टेंबर १९३० मध्यें त्याच पक्षाला शेंकडा १८.३ मतें व १०७ जागा मिळाल्या, आणि जुलै १९३२ मध्यें शेंकडा ३७.३ मतें व २३० जागा. चार वर्षांत बारांचे दोनशें तीस! तरीहि एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मोकळ्या वातावरणांत झालेल्या कोणत्याहि निवडणुकींत जर्मन जनतेनें त्याला बहुमत दिलें नाहीं. नोव्हेंबर १९३२ मध्यें तर त्याचीं सुमारें वीस लाख मतें घटलीं आणि जागा १९६ वर आल्या. पुढें मार्च १९३३ मध्यें तो स्वतः चॅन्सेलर असतांना, विरोधक तुरुंगांत आणि रस्ते त्याच्या स्वयंसेवकांच्या ताब्यांत असतांना जी निवडणूक झाली, तींतहि त्याच्या पक्षाला शेंकडा ४३.९ च मतें पडलीं. लोकांनीं त्याला दाराशीं आणून उभें केलें हें खरें. दाराची कडी मात्र निराळ्याच माणसांनीं आंतून काढली.

लोकांनीं त्याला दाराशीं तरी कां आणावें? माझ्यापाशीं एक जुनी जर्मन नोट आहे. जुनीं नाणीं विकणाऱ्या एका दुकानदाराकडून मीं ती अगदीं थोडक्या पैशांत घेतली. डिसेंबर १९२२ ही तारीख असलेली ती नोट मुळांत एक हजार मार्कांची. पण तिच्यावर तांबड्या शाईनें आडवें छापलें आहे, 'एक अब्ज मार्क'. नवी नोट कोरण्यासहि सरकारला उसंत नव्हती! नोव्हेंबर १९२३ मध्यें अमेरिकेच्या एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते. ज्यानें कर्ज काढून इमारती बांधल्या त्याचें कर्ज एका पावाच्या किंमतींत फिटलें. आणि ज्या निवृत्त शिक्षकानें, ज्या विधवेनें जन्मभर पै पै करून सांठविलें, त्यांच्या हातीं कागद उरला. काटकसर हा सद्गुण आहे असें ज्यांना लहानपणापासून शिकविलें होतें, त्याच लोकांना ह्या आपत्तीनें लुबाडलें. घामाचा पैसा गेला त्यापेक्षां जगाच्या रीतीवरचा विश्वास गेला, ही हानि मोठी.

परंतु हिटलरच्या यशाचें सारें खापर ह्या नोटेवर फोडतां येत नाहीं. त्याच नोव्हेंबरांत त्यानें म्युनिक येथें बंडाचा प्रयत्न केला आणि तो एका दिवसांत फसला. न्यायाधीशांनीं त्याला पांच वर्षांची शिक्षा दिली, ती देखील इतक्या ममतेनें कीं, डिसेंबर १९२४ मध्यें तो सुटून बाहेर आला. पुढचीं चार-पांच वर्षें जर्मनींत बरी स्थिति होती, आणि बरी स्थिति असतांना त्याला कोणी विचारीत नव्हतें. मग ऑक्टोबर १९२९ मध्यें अमेरिकेंतील शेअरबाजार कोसळला. जर्मनीचा डोलारा अमेरिकेच्या अल्प मुदतीच्या कर्जांवर उभा होता. तीं कर्जें परत मागण्यांत आलीं, कारखाने बंद पडले, आणि १९३२ च्या आरंभीं नोंदलेल्या बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. चॅन्सेलर ब्रूनिंग हा मनुष्य प्रामाणिक आणि कष्टाळू होता; पण लोक उपाशी असतांना त्यानें कर वाढविले, पगार कापले व मदत घटविली. भुकेल्या माणसाला जमाखर्चाचा ताळमेळ दाखवून गप्प बसवितां येत नाहीं.

येथें एक समजूत दूर केली पाहिजे. बेकार झालेले मजूर सारेच हिटलरकडे धांवले, असें नाहीं. त्यांतील पुष्कळ कम्युनिस्टांकडे गेले. नाझी पक्षाला भरभरून मतें दिलीं तीं, ज्यांचें अजून सर्वस्व गेलें नव्हतें पण उद्यां जाईल अशी ज्यांना धास्ती होती त्यांनीं. लहान दुकानदार, कारागीर, कारकून, उत्तरेकडील प्रॉटेस्टंट खेड्यांतील शेतकरी हे ते लोक. श्लेस्विग-होल्स्टाइन ह्या शेतकरी प्रांतांत जुलै १९३२ मध्यें निम्म्याहून अधिक मतें त्याला पडलीं. प्रत्यक्ष पडलेला मनुष्य उठण्याची खटपट करितो. पडण्याची भीति बाळगणारा मात्र दुसऱ्या कोणाला तरी पायाखालीं घेऊं पाहतो, असें मला ह्या इतिहासावरून वाटूं लागलें आहे. ज्यू लोक, समाजवादी, व्हर्सायचा तह करणारे 'देशद्रोही' हे त्यासाठीं आयतेच सांपडले.

विल्यम शेरिडन ॲलन नांवाच्या अमेरिकन इतिहासकारानें नॉर्थाइम ह्या एका लहान जर्मन गांवाचा ह्या काळांतील इतिहास बारकाईनें शोधून १९६५ मध्यें प्रसिद्ध केला. तेथील माणसें जिवंत होतीं म्हणून त्यानें गांवाचें नांवहि बदलून घातलें होतें. हें पुस्तक वाचल्यापासून माझ्या मनांतील पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. त्या गांवांत नाझी पक्ष कोणा राक्षसांचा नव्हता. तेथील पुस्तकांच्या दुकानाचा सभ्य मालक त्या पक्षांत होता, आणि तो आहे त्या अर्थीं पक्ष चांगलाच असला पाहिजे, असें लोक म्हणत. पक्षाच्या सभा वरचेवर होत. त्यांना तिकीट असे आणि तरी गर्दी होई, कारण बँड असे, नाटुकलें असे, संध्याकाळ बरी जाई. कोणत्या विषयाला गर्दी होते हें पाहून स्थानिक पुढारी पुढच्या व्याख्यानाचा विषय ठरवीत. ज्यूद्वेषाला गर्दी झाली नाहीं तर तो विषय मागें पडे आणि देशाभिमान किंवा धर्मरक्षण पुढें येई. ज्याला जें हवें तें त्यांत मिळे. जुलै १९३२ मध्यें त्या गांवीं शंभरांतील साठांहून अधिक मतें नाझी पक्षाला पडलीं. ह्यांतील बहुतेक मतदारांना आपण युद्धाला किंवा मनुष्यसंहाराला मत देत आहोंत असें स्वप्नांतहि वाटलें नसेल. त्यांना मजुरांच्या पक्षाची खोड मोडावयाची होती, एवढेंच. मार्टिन नीमोलर हा पहिल्या महायुद्धांत पाणबुडीचा कप्तान असलेला धर्मोपदेशक. त्यानें सुद्धां आरंभीं ह्याच पक्षाला मत दिलें होतें, आणि पुढें त्याच राजवटीच्या छावण्यांत त्याला १९४५ पर्यंत दिवस कंठावे लागले.

विद्यार्थ्यांच्या ह्या मासिकांत विद्यार्थ्यांची गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. जर्मनींतील विद्यापीठें जगांत नांवाजलेलीं होतीं. पण सबंध देश हिटलरच्या हातीं जाण्यापूर्वीं दीड वर्ष, १९३१ च्या जुलैमध्यें, विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचें पुढारीपण नाझी विद्यार्थ्यांच्या हातीं गेलें होतें. १० मे १९३३ च्या रात्रीं बर्लिनच्या चौकांत ग्रंथांची होळी पेटविली तीहि शिकल्यासवरल्या मुलांनींच. साक्षरता ही लोकशाहीची ढाल आहे असें आपण निबंधांतून लिहितों. ह्या होळीपुढें तें वाक्य लिहितांना माझा हात थबकतो.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. जुलै १९३२ च्या राइशस्टागमध्यें ६०८ सभासद होते. त्यांत नाझी २३० आणि कम्युनिस्ट ८९. म्हणजे लोकशाही मोडून टाकावयाची आहे असें उघड सांगणाऱ्या दोन पक्षांचेंच मिळून बहुमत झालें होतें! हे दोघे रस्त्यांत एकमेकांचीं डोकीं फोडीत. १७ जुलै १९३२ ला अल्टोना येथें एका मिरवणुकीच्या दंग्यांत १८ माणसें मेलीं. तरी नोव्हेंबरांत बर्लिनच्या वाहतूक-संपांत ते खांद्याला खांदा लावून उभे राहिले. कम्युनिस्टांना समाजवादी हे फॅसिस्टांचेच भाऊबंद वाटत होते. समाजवाद्यांना कम्युनिस्टांवर विश्वास टाकतां येत नव्हता. आणि मध्यम पक्षांना मार्च १९३० मध्यें बेकारी-विम्याच्या वर्गणींत किंचित् वाढ करावी कीं नाहीं ह्या वादावरून मोडलेलें संयुक्त मंत्रिमंडळ पुन्हा उभें करतां आलें नाहीं. बहुमत असलेलें हें शेवटचें मंत्रिमंडळ. एवढ्याशा वादांत तें बुडालें.

मग राज्य चाललें कसें? वायमार येथें १९१९ मध्यें तयार झालेल्या राज्यघटनेंत ४८ वें कलम होतें. शांततेला धोका असल्यास राष्ट्राध्यक्षानें वटहुकूम काढावेत, मूलभूत हक्क तहकूब करावेत, अशी त्यांत तरतूद होती. औषध म्हणून ठेवलेलें हें कलम १९३० पासून रोजचें जेवण झालें. राइशस्टागनें वटहुकूम फेटाळला कीं राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग राइशस्टागच बरखास्त करी. हिटलर येण्यापूर्वींच लोकांना लोकसभेवांचून चालवून घेण्याची संवय लागली होती, आणि ही गोष्ट मला साऱ्या प्रकरणांत सर्वांत अधिक भयंकर वाटते.

ह्या कलमाचा आपल्या देशाशींहि संबंध आहे. आपल्या घटनासमितींत ऑगस्ट १९४९ मध्यें आणीबाणीच्या कलमांवर चर्चा चालली असतां हरि विष्णु कामत ह्यांनीं वायमार घटनेच्या ह्याच कलमाकडे बोट दाखवून कडाडून विरोध केला होता. आणि त्याच वर्षीं २५ नोव्हेंबरला डॉ. आंबेडकरांनीं, धर्मांत भक्तीला कांहींहि स्थान असो, राजकारणांतील विभूतिपूजा अधोगतीला व शेवटीं हुकूमशाहीला नेते, असा इशारा दिला. १९७५ साल उजाडल्यावर कामतांचें बोलणें पुष्कळांना आठवलें असेल. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनें 'अंतर्गत अशांतता' हे शब्द काढून 'सशस्त्र उठाव' हे घातले आणि जीविताचा हक्क आणीबाणींतहि तहकूब होऊं नये असें ठरलें. जर्मनांनीं स्वतः १९४९ च्या नव्या घटनेंत असा नियम केला कीं, पुढचा चॅन्सेलर निवडल्याशिवाय लोकसभेला असलेला चॅन्सेलर पाडतां येऊं नये.

हिटलर स्वतः काय करणार हें त्यानें लपवून ठेवलें नव्हतें. सप्टेंबर १९३० मध्यें लाइप्झिगच्या न्यायालयांत त्यानें शपथेवर सांगितलें कीं, आपला पक्ष कायद्याच्या वाटेनेंच अधिकारावर येईल. आणि आल्यावर डोकीं उडतील, असेंहि त्याच जबानींत सांगितलें. ऐकणाऱ्यांनीं पहिलें वाक्य खरें मानलें आणि दुसरें अलंकारिक. जानेवारी १९३३ मध्यें त्याच्या पक्षाची ओहोटी लागली असतांना माजी चॅन्सेलर फॉन पापेन आणि राष्ट्राध्यक्षाभोंवतींच्या जमीनदार, सरदार मंडळींनीं असा हिशेब केला कीं, ह्याची लोकप्रियता आपण वापरावी व लगाम आपल्या हातीं ठेवावा. ३० जानेवारीला हिंडेनबुर्गनें त्याला चॅन्सेलर नेमलें. मंत्रिमंडळांत त्याच्याशिवाय नाझी दोनच, बाकी सारे ही शहाणी मंडळी. हा हिशेब दोन महिनेहि टिकला नाहीं.

२७ फेब्रुवारीला राइशस्टागची इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशीं, त्याच ४८ व्या कलमाखालीं, भाषण, मुद्रण व सभा ह्यांचें स्वातंत्र्य तहकूब झालें आणि तें त्या राजवटीच्या अंतापर्यंत तहकूबच राहिलें. २३ मार्चला क्रोल नाट्यगृहांत राइशस्टाग भरलें. प्रश्न एकच होता. लोकसभेला न विचारतां कायदे करण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला द्यावा कीं नाहीं? सभागृहांत तपकिरी सदरेवाले नाझी स्वयंसेवक रांगा करून उभे होते. कम्युनिस्टांपैकीं एकालाहि आंत येऊं दिलें नव्हतें. कॅथॉलिकांच्या मध्यपक्षानें हिटलरच्या तोंडी आश्वासनांवर भिस्त ठेवून होकार दिला. समाजवाद्यांचे पुढारी ओटो वेल्स ह्यांनीं उभें राहून, त्या गर्दीसमोर, नकाराचें भाषण केलें. ४४४ मतें बाजूनें पडलीं, ९४ विरुद्ध. तीं चौऱ्याण्णव सारीं समाजवाद्यांचीं होतीं.

त्यांचे निवडून आलेले सभासद १२० होते. उरलेल्यांतील कांहीं तुरुंगांत होते, कांहीं देश सोडून गेले होते. यूलियस लेबर हे लूबेकचे सभासद मत देण्यासाठीं नाट्यगृहापर्यंत येऊन पोंचले होते. त्यांना तेथेंच पकडण्यांत आलें. पुढें हिटलरविरुद्ध झालेल्या कटांत सामील झाल्यावरून ५ जानेवारी १९४५ ला त्यांना फांशीं दिलें. त्या चौऱ्याण्णवांत त्यांचें मत मोजलेलें नाहीं.