डांबर संपते तिथली गाडी

नवीन पनवेलला लागून असलेले विचुंबे हे गाव डोळ्यांना महानगराचा भाग वाटते, कागदावर मात्र तेथे ग्रामपंचायतच आहे. विमानतळाच्या निमित्ताने आखलेल्या ‘नैना’ क्षेत्रात ते येते, आणि इमारतींची रांग संपते तेथे भातखाचरे अजून तग धरून आहेत. गावाच्या एका अंगाला लोकल गाडीची वेळ पाळणारा, कळंबोलीच्या चौकात अडखळणारा रोजचा रस्ता आहे. दुसऱ्या अंगाला गाढी नदीचे खोरे धरून नेरे, मालडुंगे, गाढेश्वर धरण असे करत धोदाणीपर्यंत, थेट माथेरानच्या कड्याखाली पोचणारा रस्ता आहे. हे दोन्ही रस्ते एकाच वाहनाने धरायचे ठरवले, की ज्या प्रकारची मोटारसायकल लागते तिला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात, म्हणजे नंबरपाटी, दिवे आणि आरसे घेऊन कायद्याने डांबरावर चालणारी आणि डांबर संपल्यावरही न थांबणारी गाडी.

या प्रकाराला पहिला मोठा ग्राहकवर्ग मिळवून दिला तो यामाहाने १९६८ मध्ये अमेरिकेत आणलेल्या २५० सीसीच्या ‘डीटी-१’ने. आपल्याकडे मात्र कच्च्या वाटेची गाडी हा छंद नव्हता, ती गरज होती, आणि दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून बांधाबांधाने जाणाऱ्या राजदूतला कोणी साहसी वाहन म्हटले नाही. हिरोने २०११ मध्ये ‘इम्पल्स’ आणली तेव्हा बाजार तयार नव्हता. २०१६ च्या रॉयल एनफिल्ड ‘हिमालयन’ने तो तयार केला आणि हिरोच्याच २०१९ च्या ‘एक्सपल्स २००’ने तो मध्यमवर्गाच्या हप्त्यांत बसवला. एक्सपल्सचे पुढचे चाक २१ इंचांचे आणि मागचे १८ इंचांचे आहे, यामागे दिखाऊपणा नाही. चाक जितके मोठे तितका त्याचा परीघ दगडाला सौम्य कोनात भिडतो, त्यामुळे लहान चाक ज्या धोंड्याला अडते त्यावर मोठे चाक चढून जाते. तारांचे, म्हणजे स्पोकचे चाकही कच्च्या वाटेसाठीच. ओतीव अलॉय चाक आघाताने तडकू शकते, तारांचे चाक वाकते आणि पुन्हा सरळ करता येते.

गाडी घरी आली की बदलांचे वेध लागतात, आणि येथेच बहुतेक मालक क्रम चुकवतात. पहिला खर्च दिसणाऱ्या वस्तूंवर होतो: जादा दिवे, पेट्या ठेवण्याचे रॅक, नक्षीदार स्टिकर. वास्तविक पहिला मान टायरचा आहे. उठावदार ठोकळ्यांचे टायर चिखलात पकड देतात, कारण ठोकळ्यांमधल्या रुंद खाचांतून चिखल बाहेर फेकला जातो; पण तेच टायर ओल्या डांबरावर, विशेषतः रंगवलेल्या पट्ट्यांवर, कमी रबर टेकवतात आणि लवकर झिजतात, म्हणून आठवड्यातले सहा दिवस स्टेशनचा रस्ता कापणाऱ्याने मधली जातच निवडावी. कच्च्या वाटेवर हवा कमी केली की टायर पसरून पकड वाढते, पण फार कमी केल्यास दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटून एकाच वेळी दोन छिद्रे पडतात, किंवा टायर रिमवर घसरून ट्यूबचा व्हॉल्व्हच मुळापासून उपटतो. हे घसरणे टाळण्यासाठी टायरची कड रिमला आवळून धरणारा रिमलॉक नावाचा छोटा शिकंजा बसवतात. परतताना डांबर लागताच हवा पूर्ववत भरणे मात्र विसरून चालत नाही, आणि हातपंप जवळ नसलेल्याने ती मुळात काढूच नये.

टायरनंतर इंजिनाच्या पोटाखालची संरक्षक प्लेट, हातांना आणि लिव्हरना वाचवणारे हँडगार्ड, आणि पायांवर उभे राहून चालवताना पाठ वाकू नये म्हणून हँडल थोडे उंच करणारे रायझर, इतके पुरेसे असते. त्यापुढचा मोह चेनच्या दातेरी चाकांचा, म्हणजे स्प्रॉकेटचा. पुढे १३ आणि मागे ४० दात असतील आणि पुढचा एक दात कमी केला, तर ओढ सुमारे आठ टक्क्यांनी वाढते. तोच परिणाम मागच्या बाजूने साधायचा तर तीन दात वाढवावे लागतात. चढावर गाडी हलकी वाटू लागते, पण त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही तितकेच वाढतात. द्रुतगती महामार्गावर दुचाकीला मज्जाव असल्याने विचुंब्याचा स्वार खोपोलीकडे जातो तो जुन्या पुणे रस्त्याने, आणि त्या सरळ पट्ट्यावर हे वाढलेले फेरे तासभर कानात घुमत राहतात.

एक बदल दुसऱ्या बदलाला कसा बोलावून आणतो, हे सस्पेन्शनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. एक्सपल्सच्या पुढच्या चाकाला वर-खाली होण्यास मुळात १९० मिलिमीटर आणि मागच्या चाकाला १७० मिलिमीटर वाव आहे. हिरोने २०२० मध्ये आणलेल्या रॅली किटने तो अनुक्रमे २५० आणि २२० मिलिमीटर केला. एवढ्याने गाडी खड्ड्यांवरून तरंगते हे खरे, पण मागचे चाक धरणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्म, आता अधिक खाली लोंबतो, आणि त्याबरोबर चेनचे गणित बदलते. पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागच्या चाकाचा आस हे तीन बिंदू एका रेषेत येतात त्या क्षणी चेन सर्वांत ताणलेली असते. गाडी स्टँडवर उभी असताना हा क्षण दिसत नाही, तो चाक खड्ड्यात आपटून वर येते तेव्हा येतो. स्टँडवर चेन नीटनेटकी घट्ट करून समाधान मानणारा माणूस त्यामुळे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर नकळत घाव घालत असतो. योग्य रीत अशी की, गाडीवर वजन देऊन किंवा शॉकअॅब्जॉर्बरचा खालचा बोल्ट सोडून ते तीन बिंदू एका रेषेत आणावेत, तेथे चेनमध्ये किंचित झोल शिल्लक आहे ना हे बोटाने तपासावे, आणि मग स्टँडवर तो झोल किती भरतो याची खूण ठेवावी. ही खूण प्रत्येक गाडीची वेगळी असते आणि ती किटच्या खोक्यात मिळत नाही.

हे सारे पावसाळ्यापुढे लुटुपुटीचे ठरते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतांशी चार महिन्यांत, आणि त्या आधीच्या चार महिन्यांत दगडखाणींची आणि बांधकामांची धूळ डंपरमागून उडत असते. धूळ एअर फिल्टर गुदमरवते. चिखल त्याहून लबाड असतो. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकच्या, गुळगुळीत नळीवर तो वाळून बसतो आणि पुढच्या आचक्यासरशी रबरी सीलच्या ओठाखाली शिरतो, मग नळीवर तेलाची ओली कडी दिसू लागते. दरवेळी सील फाटलेलेच असते असे नाही. वरचे धूळरोधक रबर सरकवून, जुन्या एक्स-रे फिल्मची पातळ पट्टी सीलखाली सारून गोल फिरवली, की पुष्कळदा वाळूचा कण बाहेर येतो आणि गळती थांबते. मागच्या शॉकची जोडणी, स्विंगआर्मची खीळ आणि हँडलखालचा कोनसेट या तीन ठिकाणचे ग्रीस पावसाआधी आणि पावसानंतर बदलावे लागते. धुलाई केंद्रातला प्रेशरचा फवारा तेथेच रोखून धरणे म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली ग्रीसच्या जागी पाणी भरणे होय.

तारांची परीक्षा तर कानानेच होते. चाक अधांतरी ठेवून हळूहळू फिरवावे आणि छोट्या पान्ह्याने एकेका तारेला टिचकी द्यावी. ताणात असलेली तार स्वच्छ नाद देते, सैल तार बोदी वाजते, आणि एक सैल राहिली की तिचा भार शेजारणींवर पडून त्याही सुटू लागतात. गावोगावच्या सायकल दुकानांत रिमचा ‘आऊट’ काढणारे जुने कारागीर हे काम सर्व्हिस सेंटरच्या यंत्राइतक्याच अचूकपणे करत आले आहेत, फक्त आता त्यांची संख्या घटते आहे.

ओढा ओलांडताना इंजिन बुडाले, तर पहिली आज्ञा एकच: स्टार्टरला हात लावू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचे काम लाखाकडे झुकू लागते. प्लग काढून, गाडी कलती करून पाणी बाहेर काढावे, एअर फिल्टरची पेटी रिकामी करावी, आणि इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय घरचा रस्ता धरू नये.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशील बदलतील अशा फेरफाराला मनाई करते; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. टायर, प्लेट, हँडगार्ड यांवरून एरवी कोणी हटकत नाही. कर्कश सायलेन्सर मात्र कायद्यालाही खुपतो आणि कानालाही. त्याने शक्ती वाढते हा समज बहुतांशी आवाजाचाच परिणाम आहे, आणि या खोऱ्यातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांना त्या शक्तीचा काडीचाही उपयोग नाही.

कच्चा रस्ता म्हणजे मोकळे रान, असा अर्थ या छंदात सर्रास काढला जातो. तो चुकीचा आहे: पावसात भातखाचराच्या बांधावरून गेलेले ठोकळ्यांचे टायर बांध फोडते आणि पायवाटेवर पाडलेली खोल चाकोरी पुढच्या सरीत ओहोळ होऊन वाहते. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जाईल तेवढीच वाट ही मर्यादा स्वाराने स्वतःहून पाळावी. माथेरानचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे, आणि खासगी मोटारींना तेथे दस्तुरीच्या पुढे प्रवेश नाही. विचुंब्याकडून जाणारी एसटी आणि मोटारसायकल दोन्ही धोदाणीला थांबतात. तेथून वरची वाट पायांची आहे.